वळणावर झुकणारी मोटार

श्रोतेहो, एस्टीने घाट उतरण्याचा अनुभव आपणांपैकी प्रत्येकाला आहे. गाडी डावीकडे वळली की उभी असलेली माणसे उजवीकडे कलतात, उजवीकडे वळली की डावीकडे कलतात. वरच्या फळीवरची पिशवी सरकते, खिडकीपाशी बसलेली एखादी आजीबाई डोळे मिटून पदर तोंडाला लावते. नुसती माणसेच कलतात असे नाही. गाडीचे सबंध धूडच वळणाच्या बाहेरच्या अंगाला झुकलेले असते. गवताने शिगोशीग भरलेली बैलगाडी नांगरटीतून काढताना हाच प्रकार होतो, आणि तेव्हा शेतकरी काय करतो? एका गड्याला गाडीच्या वरच्या अंगाला लोंबकळायला सांगतो. मोटारीत लोंबकळायला कोणी गडी नसतो. त्याचे काम तिथे एक वाकवलेली पोलादी सळई करते. आज त्या सळईविषयी आपल्याशी चार गोष्टी बोलायच्या आहेत.

मी अर्थशास्त्र शिकवणारा माणूस. मोटारीच्या पोटातल्या लोखंडाशी माझा संबंध यायचे कारण माझी आई. आम्ही राहतो नव्या मुंबईत, नेरूळला. वडील वाशीच्या बाजारात माथाडी कामगार होते, आणि आईचे माहेर जावळी तालुक्यात, मेढ्याच्या अलीकडे. आम्ही नेहमी पनवेल, पेण, महाड करत पोलादपूरला जातो आणि तिथून आंबेनळीचा घाट चढून महाबळेश्वरवरून पलीकडे उतरतो. दोन वर्षांपूर्वी मी एक जुनी, जरा उंच बांध्याची मोटार घेतली. पहिल्याच फेरीत आंबेनळी घाटात आईला इतका त्रास झाला की वाटेत चार वेळा गाडी थांबवावी लागली. वर पोचल्यावर ती एवढेच म्हणाली, "बाळा, आता मला माहेराला नेऊ नकोस रे. मामाला फोनवरच बोलेन." मामा तिच्याहून चार वर्षांनी मोठे, आणि अंथरुणाला खिळलेले. ते वाक्य मला फार लागले.

मग चौकशी सुरू झाली. तुर्भ्याला एक मिस्त्री आहेत, त्यांना गाडी दाखवली. ते म्हणाले, "सर, जंपिंग रॉड बघावा लागेल." आता हे नाव मोठे फसवे आहे, बरे का! इंग्रजी पुस्तकांत या सळईला अँटी-रोल बार किंवा स्वे बार म्हणतात, स्टॅबिलायझर बार असेही म्हणतात, पण आपल्याकडच्या गॅरेजात तिचे नाव जंपिंग रॉड. आणि उड्या थांबवणे हे तर तिचे काम मुळीच नव्हे. कसे ते सांगतो.

ही सळई साधारण अंगठ्याएवढी जाड. तिचा मधला सरळ भाग मोटारीच्या पोटाखाली आडवा बसवलेला असतो, दोन रबरी बुशांत, म्हणजे तिला आपल्या जागी फिरता येते. तिची दोन्ही टोके काटकोनात वळवलेली असतात, जवळजवळ घोड्याच्या नालेसारखी, आणि ती टोके लिंक नावाच्या लहान दांडीने एकेका चाकाच्या बांधणीला जोडलेली असतात. एक टोक डाव्या चाकाला, एक उजव्या. आता रस्त्याच्या पूर्ण रुंदीचा गतिरोधक आला असे समजा. दोन्ही चाके एकदम वर उचलली जातात, दोन्ही टोके एकदम वर जातात आणि सळई आपल्या बुशांत नुसती फिरते. तिने काहीही केले नाही. उडी जशी बसायची तशी बसली. परंतु वळणावर मोटार झुकली की बाहेरचे चाक मोटारीच्या पोटात वर सरकते आणि आतले खाली राहते. एक टोक वर, एक खाली! म्हणजे सळईला पीळ पडला. ओला पंचा पिळताना आपण दोन हात उलट दिशांना फिरवतो, तसे. पोलाद हा पीळ मुकाट्याने सहन करत नाही, ते उलटे फिरू पाहते आणि त्या ओढीने मोटारीला सरळ करते.

पिळलेल्या पोलादाचा हा गुण जुनाच. आपल्या अँबॅसडर मोटारीच्या पुढच्या चाकांना गुंडाळीच्या स्प्रिंगऐवजी असले पिळाचे दांडेच होते, आणि ती मोटार २०१४ साली बंद होईपर्यंत रस्ताभर धावली. दोन चाकांना जोडून झुकणे आवरणाऱ्या दांड्याचे पहिले पेटंट मात्र कॅनडातील स्टीफन कोलमन या गृहस्थांना १९१९ साली मिळाले. म्हणजे युक्ती शंभर वर्षांहून अधिक जुनी आहे. आज मुंबईच्या बाजारात मोटारीला "रेसिंगची पकड" देणारी नवलाई म्हणून जी विकली जाते, ती हीच.

तरुण मुलांना या नवलाईचे वेड आहे. कंपनीने दिलेला दांडा काढायचा आणि बाहेरून विकत घेतलेला जाडजूड, लाल किंवा निळ्या रंगाचा दांडा बसवायचा. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने असाच एक मागच्या बाजूला बसवून घेतला होता. मला म्हणाला, "सर, एकदा बसून तर बघा. गाडी रुळावर असल्यासारखी वळते." मी बसलो, आणि खरोखरच ती वळत होती. मोटार झुकत नव्हती, मागचे ढुंगण पुढच्या चाकांच्या मागोमाग चटकन येत होते. मला मोह झाला. आईला असेच काहीतरी हवे, असे वाटले. पुढे आषाढातल्या एका सकाळी, भर पावसात, पाम बीच मार्गाच्या वळणावर तो मुलगा जरा वेगात होता. समोर पाणी साचलेले दिसले म्हणून त्याने दचकून पाय उचलला. तत्क्षणी मोटारीचा मागचा भाग बाहेरच्या बाजूला फिरला, गाडी अर्धी गिरकी घेऊन दुभाजकावर आदळली. शेजारी त्याची बहीण होती. दोघांना खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. दांडा बसवणाऱ्या दुकानदाराने या शक्यतेबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

असे का व्हावे? ज्या दांड्याने पकड वाढते म्हणतात, त्यानेच ती सुटावी कशी? इथे मला माझा विषय उपयोगी पडला.

वळणावर आतल्या चाकांवरचा काही भार बाहेरच्या चाकांवर जातो. किती जातो, हे मोटारीचे वजन, तिच्या वजनाच्या मध्याची उंची, दोन चाकांतले अंतर आणि वेग यांवर ठरते. हजार किलोची मोटार घ्या. वजनाचा मध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर आहे आणि दोन चाकांत १४५ सेंटिमीटर अंतर आहे असे धरा. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ती ताशी ४० किलोमीटर वेगाने गेली तर सुमारे १६० किलो भार आतून बाहेर जातो. तेच वळण ताशी ५० ने घेतले तर सुमारे २५० किलो जातो. नीट लक्षात घ्या, कितीही जाड दांडा बसवा, या आकड्यांत म्हणण्यासारखा फरक पडत नाही. दांडा मोटारीचे झुकणे कमी करतो, भाराचे जाणे कमी करीत नाही. मग तो करतो काय? तो भार पुढच्या जोडीने किती उचलायचा आणि मागच्या जोडीने किती, याची वाटणी बदलतो. मागे जाड दांडा घातला की मागच्या जोडीच्या वाट्याला जास्त येतो.

यात बिघडले कुठे? शिक्षक बंधुभगिनींना घटत्या फलाचा नियम ठाऊक असेल. शेतात पहिले पोते खत घातले तर पीक जेवढे वाढते, तेवढे चौथ्या पोत्याने वाढत नाही. टायरचे तसेच आहे. त्याच्यावर भार दुप्पट केला तर त्याची पकड दुपटीहून कमी वाढते. माझे वडील हेच आपल्या भाषेत सांगत. दोघे हमाल प्रत्येकी ५० किलोचे पोते घेऊन दिवसभर चालतील. एकावर ८० आणि दुसऱ्यावर २० ठेवा, बेरीज तीच, पण दुपारपर्यंत पहिला बसेल आणि दुसऱ्याची रिकामी ताकद कोणाच्या कामाची नाही. तेव्हा ज्या जोडीत भाराची विषम वाटणी अधिक, त्या जोडीची एकूण पकड कमी. मागचा दांडा जाड केला की मागची पकड घटते. पुढचा जाड केला की पुढची. सारी भानगड एवढ्यात आहे.

आता असे पाहा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आपल्या लहान मोटारी कंपन्या मुद्दाम अशा जुळवतात की हद्द ओलांडली तर पुढचे टोक आधी घसरावे. स्टिअरिंग फिरवले तरी गाडी जरा सरळच जाऊ पाहते. साध्या माणसाला हे बरे, कारण घाबरून त्याने पाय उचलला की पुढच्या चाकांवर भार येतो, पकड परत मिळते, गाडी ताळ्यावर येते. मागचा दांडा जाड केल्यावर हा सरळ जाण्याचा हट्ट कमी होतो, म्हणून मुलांना गाडी चपळ वाटते, आणि शर्यतीच्या मैदानावर ते योग्यही असेल. पण पाय उचलल्यावर मागचा भार पुढे जातो, आणि आधीच पकड घटलेली मागची चाके ओल्या डांबरावर सुटतात. माझ्या विद्यार्थ्याचे नेमके हेच झाले. मागचे टोक सुटल्यावर ते सावरणे सरावाचे काम आहे, आणि तो सराव आपल्यापैकी फार थोड्यांना आहे.

याला एक पोटनियम आहे, तोही सांगून टाकतो. मोटार फार झुकली तर पुढचे चाकही तिच्याबरोबर कलते आणि टायर कडेवर चालू लागतो. तेव्हा फार झुकणाऱ्या गाडीत पुढचा दांडा थोडा जाड केल्याने चाक अधिक उभे राहते आणि पकडीचा तोटा काही अंशी भरून येतो, कधी कधी लाभही होतो. म्हणून मी म्हणतो ते "थोडा" या शब्दाला महत्त्व आहे.

आणि थोडा म्हणजे किती? इथे भल्याभल्यांचा अंदाज चुकतो. दांड्याचा ताठपणा त्याच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिलिमीटरच्या जागी २२ मिलिमीटरचा घेतला तर डोळ्यांना फरक दिसणारही नाही, पण ताठपणा ४६ टक्क्यांनी वाढला. २४ चा घेतला तर दुपटीवर गेला! दुकानात दांडा हातात घेऊन "एवढाच तर जाड आहे" असे म्हणू नये. टोकांचे हातही मोजावेत, कारण हात आखूड केला की ताठपणा वाढतो. काही दांड्यांच्या टोकांना दोन-तीन भोके असतात ती याचसाठी. बाहेरच्या भोकात लिंक लावली तर दांडा मऊ, आतल्या भोकात लावली तर ताठ. पोकळ दांडाही मिळतो, आणि तो पोकळ म्हणून कमकुवत समजू नये. बाहेरून २४ आणि आतून १८ मिलिमीटरचा पोकळ दांडा २२ च्या भरीव दांड्याच्या जवळपास तेवढाच ताठ असतो, वजन मात्र निम्म्याच्या आसपास. पिळाचे काम मुख्यतः बाहेरची साल करते, गाभा नुसता वजन वाढवतो.

खेड्यातल्या श्रोत्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. दांडा दोन चाकांना बांधून ठेवतो, याचा अर्थ एक चाक खड्ड्यात गेले की धक्का दुसऱ्या बाजूलाही पोचतो. दांडा जितका ताठ, तितकी खड्ड्यांच्या रस्त्यावर माणसांची डोकी डावी-उजवी हालतात. आणि बांधावरून किंवा चिखलाच्या गाडीवाटेने जाताना एक चाक अधांतरी राहून गरागरा फिरते, दुसरे जागचे हलत नाही. डोंगरदऱ्यांत फिरणारे काही हौशी लोक याच कारणाने जीपचा दांडा तिथल्यापुरता सोडवून ठेवतात. तेव्हा ज्यांचा अर्धा प्रवास कच्च्या वाटेने आहे, त्यांनी जाड दांड्याच्या वाटेला न गेलेले बरे.

आता माझ्या गाडीकडे येतो. तुर्भ्याच्या मिस्त्रींनी गाडी वर उचलली आणि दांडा हाताने हलवून दाखवला. मधली बुशे झिजून दांडा आणि रबर यांत फट पडली होती, एका लिंकचा गोळा खुळखुळत होता. खड्ड्यातून जाताना जी खटखट ऐकू यायची ती तिचीच. "सर, दांडा चांगला आहे. पण त्याला धरून कोण ठेवणार?" मिस्त्री म्हणाले. चाक इंचभर हलल्याशिवाय दांड्याला पीळच पडत नव्हता! शिवाय मागचे दोन्ही शॉकअप गळून कोरडे झालेले. दांडा झुकणे किती हे ठरवतो, झुकण्याची लगबग आणि परत येतानाचे हेलकावे आवरणे हे शॉकअपचे काम. माणसाला मळमळते ते बहुधा त्या हेलकाव्यांनी. बुशे, लिंका, शॉकअप बदलले, टायरांत दाराच्या चौकटीवरच्या तक्त्याप्रमाणे हवा भरली, आणि निम्मे दुखणे तिथेच गेले. नवा दांडा घेण्याआधी प्रत्येकाने एवढे तरी करावे असे माझे स्पष्ट मत आहे. टायर गुळगुळीत असताना दांड्याला पैसे घालणे म्हणजे गळक्या छपराच्या घराला रंग देणे.

उरलेल्या निम्म्यासाठी मिस्त्रींनी एक तोडगा सुचवला, आणि तो मला आजही फार शहाणपणाचा वाटतो. माझ्याच मोटारीचा डिझेलचा प्रकार निघत असे. डिझेलचे एंजिन जड म्हणून कंपनीने त्याला पुढचा दांडा २० ऐवजी २२ मिलिमीटरचा दिलेला. जागा त्याच, भोके तीच, बुशे तेवढी २२ च्या मापाची घ्यायची. म्हणजे बाहेरचा अनोळखी माल नको. बाहेरचा दांडा वाईटच असतो असे नव्हे, पण घ्यायचा तर तो आपल्याच मोटारीसाठी, त्याच सालाच्या बांधणीसाठी केलेला असावा. जवळपास बसतो म्हणून ठोकून बसवलेला दांडा पूर्ण वळणावर ब्रेकच्या नळीला किंवा चाकाच्या आसाला घासू शकतो. फार ताठ दांड्याने त्याला धरणाऱ्या पट्ट्या आणि त्यांची वेल्डिंग तडकतात. रबराऐवजी पॉलियुरेथेनची बुशे घेतली तर ती टिकतात, पण त्यांना योग्य ग्रीस न दिल्यास चिमणीसारखी चिवचिवतात.

बसवण्यातही एक खुबी आहे. लिंकांचे शेवटचे नट आवळायचे ते गाडी सपाट जमिनीवर चारी चाकांवर उभी असताना. एक बाजू जॅकवर असताना आवळले, तर सरळ रस्त्यावरही दांड्यात पीळ राहू शकतो आणि रबरे अकाली फाटतात. आमच्या इथे मिस्त्रींनी गाडी खड्ड्यावर घेऊन, खाली उतरून, नट आवळले. घाई करणाऱ्याने कदाचित केले नसते.

काही मागचे आस मुळातच पिळाचे असतात. आपल्याकडच्या पुष्कळशा लहान मोटारींना मागे दोन्ही चाके जोडणारी एक आडवी तुळई असते, ती स्वतःच पिळून दांड्याचे काम करते. "तुमच्या गाडीला मागे दांडाच नाही, बसवून घ्या" असे कोणी म्हणाले तर आधी खाली वाकून ती तुळई पाहावी.

कायद्याचेही दोन शब्द. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाविरुद्ध फेरफार चालणार नाहीत, असे बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफाराला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. दांड्याची जाडी नोंदणीपत्रात लिहिलेली नसते हे खरे. तरी मी विमा कंपनीला पत्र लिहून कळवले आणि पोच जपून ठेवली. गाडी हमीच्या मुदतीत असेल तर आधी तिथेही विचारावे, नाहीतर पुढे वादाला तोंड फुटते.

उंच गाडीवाल्यांना एक इशारा. दांडा गाडीला कमी झुकवतो, ठेंगणी करीत नाही. गणपतीला गावी जाताना टपावर ट्रंका, गाद्या आणि भांडी बांधली की वजनाचा मध्य वर गेलाच. पूर्वी गाडी झुकून "वेग फार झाला" असे सांगत असे, जाड दांड्याने ते सांगणे बंद होते. धोका आहे तेवढाच असतो.

नवा दांडा बसल्यावर मी रविवारी पहाटे खारघरच्या एका मोकळ्या रस्त्यावर गाडी फिरवून पाहिली, आधी सावकाश, मग जरा वेगात, मग पाऊस पडून गेल्यावर पुन्हा. स्टिअरिंगला पूर्वीपेक्षा किंचित जास्त वळवावे लागते, पण मागचे टोक जागेवर असते. मग आईला घेऊन निघालो. आंबेनळी घाटात वेग ताशी ३० च्या वर जाऊ दिला नाही, आणि खरे सांगायचे तर श्रेय दांड्याचे किती आणि त्या ३० चे किती, हे मला वेगळे काढता येणार नाही. गाडी एकदाच थांबवली, तीही चहासाठी. घाट संपल्यावरच्या खडबडीत तुकड्यात मात्र आई म्हणाली, "अरे, ही तुझी गाडी पहिल्यापेक्षा दणके फार देते." तिचे म्हणणे खरे होते. संध्याकाळी ती मामांच्या उशाशी बसली, रात्री उशिरापर्यंत दोघांचे बोलणे चालू होते.

जुना २० मिलिमीटरचा दांडा मी तेल लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे. गाडी विकायची झाली तर तो परत बसवून देईन.